इंजिन बसवण्याआधी गाडी बघा : परिवहन आयुक्तांना खुलं पत्र

मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
तसेच केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयात मोटार वाहन नियमांचं काम पाहणारे अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

माझ्या घरामागच्या शेडमध्ये १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, उभी आहे. बोनेट काढून भिंतीला टेकवलंय. इंजिनाच्या जागी सध्या काहीच नाही. वाकून बघितलं तर खालची फरशी दिसते. चार फुटांवर, लाकडी पाटावर, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं दुसरं इंजिन आहे. चेन पुली आणि दोन माणसं असली की ते उचलून गाडीत ठेवायला एक दुपार पुरते. गेले सात महिने मी ते केलेलं नाही. का केलं नाही आणि आपल्याकडून मला काय हवंय, ते सांगायला हे पत्र. उघड लिहितोय, कारण माझ्यासारखे पुष्कळ आहेत आणि त्यातले बहुतेक गप्प आहेत.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. २२ वर्षं झाली. गाडी वडिलांची. आमच्या घरात तिला कुणी पद्मिनी म्हटलं नाही, ती कायम फियाटच. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, चारही चाकांना ड्रम ब्रेक. वडील गेल्यावर ती विकायची की ठेवायची हा प्रश्न घरात निघालाच नाही.

इंजिन दोनदा बोअर करून, म्हणजे झिजलेले सिलिंडर घासून थोडे मोठे करून, झालं होतं. तीन वर्षांपूर्वी आंबा घाट चढताना गरम झाली. थांबवून, थंड करून, हळूहळू घरी आणली. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, बोल्ट काढला तर ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. हेड उतरवलं, गॅस्केट बदललं, पुन्हा तेच. शेवटी ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं बिडाचं मुख्य अंग, पूर्ण सोडवून कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बोअरच्या मध्ये केसाएवढा तडा होता. बिडाला टाके घालणारा जुना कारागीर मिळाला, त्याने मनापासून काम केलं, पण चार महिन्यांत पाणी पुन्हा ऑइलमध्ये.

तसाच दुसरा ब्लॉक शोधला. चार बघितले. एकाचा रॉड भिंत फोडून बाहेर आलेला. दुसरा आधीच शेवटच्या ओव्हरसाइजला गेलेला. तिसऱ्याचं क्रँकचं बेअरिंग बसतं ती जागाच खाल्लेली. चौथा चांगला होता, अगदी हवा तसा, पण त्याच्यावरचा नंबर ग्राइंडरने घासून काढला होता. विकणारा म्हणाला, सर, नवीन ठोकून देतो की. मी तिथून निघालो. हे मुद्दाम सांगतोय. नंबर ठोकून घेऊन मी गाडी गुपचूप चालू केली असती तर आज कागदोपत्री माझं सगळं बिनचूक असतं.

त्यानंतर ११८ एनईचं इंजिन मिळालं. हीसुद्धा प्रीमियरचीच गाडी, १९८५ पासून विकलेली. इंजिन निसानच्या ए-१२ घराण्यातलं, ११७१ सीसी. माझ्यापेक्षा फक्त ८२ सीसीने मोठं. तेही पुशरॉडचं, तेही कार्बोरेटरचं, तेही उभं बसणारं, मागच्या चाकांना ताकद देणारं. ती गाडी ओळखीच्या घरातली, पत्रा सडल्यामुळे भंगारात निघालेली. आरसी बुक, विक्रीची पावती, इंजिन नंबरचा ठसा, सगळं माझ्याजवळ फाइलमध्ये आहे. गिअरबॉक्सही त्याच गाडीचा घेतला.

इंजिन घरी आणलं आणि ते उघडायच्या आत एका परिवहन कार्यालयात गेलो. तिथले अधिकारी सभ्य होते. पावणेदोन तास त्यांनी मला दिले, दोन फाइली काढून बघितल्या, वरिष्ठांना विचारून आले. शेवटी म्हणाले, “सर, तुमचं म्हणणं पटतंय. पण हा अर्ज घ्यायचा कुठल्या नमुन्यात, तेच माझ्याकडे नाही.” त्यांचा राग मला आला नाही. त्यांच्या हातात खरंच काही नव्हतं.

कायदा मी वाचलाय. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलांपेक्षा नोंदणीपत्रातले तपशील वेगळे पडतील असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोर लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच कलम ५२ मध्ये इंजिन बदलल्यावर १४ दिवसांत कळवायची तरतूदही आहे, म्हणजे इंजिन ही बदलावी लागणारी वस्तू आहे हे कायद्याला ठाऊक आहे. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांच्यासाठी दार उघडलेलं आहे. पण ते दार किटसाठी आहे. एक किट तपासायचं, मंजूर करायचं, मग ते शेकडो गाड्यांत बसवायचं. माझ्याकडे किट नाही. माझ्याकडे एक गाडी आणि एक इंजिन आहे, आणि अशी दुसरी जोडी बहुधा या जिल्ह्यात नसेल.

२०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांची स्वतंत्र नोंदणी आणली, ती फार चांगली गोष्ट झाली. पण तिला ५० वर्षं पूर्ण लागतात आणि मूळ रूप लागतं. माझी फियाट २०३६ मध्ये ५० ची होईल, आणि इंजिन बदललं तर तेव्हाही ती विंटेज ठरणार नाही. ते रास्तच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मला तिला प्रदर्शनात उभी करायची नाही. मला तिच्यातून आईला पन्हाळ्याला न्यायचंय.

आता मुद्द्यावर येतो. इंजिन बदलायला सरसकट परवानगी द्या, असं माझं म्हणणं नाही. माझी विनंती एका गोष्टीपुरती आहे : अशी गाडी तपासायची वेळ बदला. इंजिन बसल्यावर नको, बसवण्याआधी, जागा रिकामी असताना तपासा.

पासिंगला गाडी येते तेव्हा बोनेट उघडून इन्स्पेक्टरला काय दिसतं? एअर फिल्टर, बॅटरी, दोन पाइप, आणि टॉर्चच्या उजेडात कसाबसा वाचता येणारा नंबर. इंजिन धरून ठेवणारं फाउंडेशन दिसत नाही. चेंबरच्या खाली काय आहे ते दिसत नाही. पत्र्याला मारलेला जोड दिसत नाही. इंजिन बदललेली गाडी धोक्याची ठरते ती जवळपास नेहमी या न दिसणाऱ्या जागांमुळे. इंजिन स्वतः बिचारं क्वचितच घात करतं.

माझ्याच गाडीचं सांगतो. जुनं इंजिन काढल्यावर तीन दिवस रॉकेल, ब्रश आणि पत्र्याची पट्टी घेऊन मी आणि दोन विद्यार्थी आतली जागा घासत होतो. ३५ वर्षांचं ऑइल आणि धूळ, त्याचा डांबरासारखा थर. तो निघाल्यावर बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा उघडा पडला. वरून रंग शाबूत. मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं, दाबलंसुद्धा नाही, आणि ते आरपार गेलं. वर्षानुवर्षं ॲसिड ठिबकून तिथला लोखंडी भाग पापडासारखा झाला होता. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. अंगाचा पत्राच चासीचं काम करतो. म्हणजे जिथे इंजिनाचा भार पडणार, त्यापासून वीतभर अंतरावर गाडीचं हाडच गेलेलं. इंजिन न काढता पासिंगला नेली असती तर ती पास झाली असती. आधीची पासिंग ती तशीच झाली होती.

सडलेला भाग कापला, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत गेलो, तेवढ्याच जाडीचा नवीन तुकडा घडवून आतल्या बाजूने पट्टी देऊन वेल्ड केला. रेडऑक्साइड मारण्याआधी प्रत्येक जोडाचे फोटो काढून ठेवलेत. रंग बसला की जोड चांगला की वाईट हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही, म्हणून.

मग मापं. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आम्ही रिकामा ब्लॉक घेतला, हेड नाही, क्रँक नाही, म्हणजे उचलायला हलका. त्याला चेंबर आणि गिअरबॉक्स जोडला आणि चेन पुलीवर टांगून गाडीत उतरवला. कुठे काय टेकतंय ते बघायला शाडूची माती वापरली. गणपतीसाठी आणलेल्या मातीतला गोळा उरला होता. तिच्या सुपारीएवढ्या गोळ्या चेंबरच्या तळाला, फायरवॉलला (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याला) आणि इंजिनाच्या माथ्यावरच्या रॉकर कव्हरवर लावल्या. बोनेट हलकेच ठेवून पुन्हा उचललं. रॉकर कव्हरवरची माती दाबून १८ मिलिमीटर उरली होती. ठीक. पण चेंबरखालची गोळी पार चपटी, कागदाएवढी. पुढची चाकं हवेत होती तेव्हा तिथे बोट जात होतं. जॅक लावून चाक वर दाबलं आणि स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं, तर स्टिअरिंगची सळई चेंबरला घासत होती. वर्गातल्या एका मुलाने ते आधी बघितलं. “सर, खड्ड्यात वळवलं तर?” एवढंच म्हणाला तो.

खड्ड्यात वळवलं तर स्टिअरिंग अडकलं असतं. आपल्या रस्त्यांवर तो प्रसंग पहिल्या आठवड्यातच आला असता.

चेंबर कापून, तळाची खोली मागे सरकवून, तेवढंच ऑइल मावेल असा नवीन घडवून घेतला. ऑइल ओढणाऱ्या नळीची जाळी नव्या तळापासून किती वर राहते तेही मोजलं. जास्त वर राहिली तर चढावर इंजिन कोरडं पडतं, फार टेकली तर ऑइलच ओढत नाही. आता सळई आणि चेंबर यांच्यात अंगठा जातो, कुठल्याही स्थितीत. ही जागा इंजिन पूर्ण बसल्यावर आरसा आणि टॉर्च घेऊन झोपल्याशिवाय दिसणार नाही. आपल्या इन्स्पेक्टरने रोजच्या रांगेत प्रत्येक गाडीखाली झोपावं अशी अपेक्षा मी करत नाही. पण जागा रिकामी असताना त्याला उभ्या उभ्या दिसेल.

फाउंडेशनचंही तसंच. ब्रॅकेट आधी नुसते टाके मारून धरायचे, सगळे कोन तपासायचे, मगच पूर्ण वेल्ड. कोन म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टसाठी. गिअरबॉक्स बदलला की शाफ्टची लांबी बदलते. माझ्या गाडीला दोन क्रॉसचा (दोन्ही टोकांना वळणाऱ्या सांध्यांचा) नवीन शाफ्ट बनवून घ्यावा लागणार आहे. क्रॉस तिरका फिरला की एका फेरीत शाफ्टचा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. गिअरबॉक्सकडचा आणि डिफरन्शियलकडचा कोन सारखा ठेवला, दोन्ही योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत ठेवले, की एका टोकाची खोट दुसऱ्या टोकाला भरून निघते. हे न बघता इंजिन “बसतंय तिथे” बसवलं की गाडी साठच्या पुढे थरथरते, क्रॉस खातो, आणि एक दिवस शाफ्ट रस्त्यावर पडतो. मागून येणारा मोटारसायकलवाला त्याची किंमत मोजतो. म्हणून शाफ्टला खालून धरणारी लोखंडी कडी आम्ही आधीच लावली आहे. कंपनीने मुळात दिली नव्हती. कायद्याच्या अक्षराला धरून बघितलं तर तीसुद्धा “बदल” ठरेल का, मला सांगा.

बाकीचं भरभर सांगतो. ब्रेकचे बंडी पाइप, व्हील सिलिंडर, लायनर सगळे नवे, इंजिन यायच्या आत. ताकद वाढवायच्या आधी थांबण्याची सोय, हे मी मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवतो. पेट्रोलचे रबरी पाइप बदलले, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात फुगतं, भेगाळतं. गरम सायलेन्सरजवळ असा पाइप गळला तर काय होईल ते सांगायला नको. पेट्रोलची लाइन मी उलट बाजूने फिरवली. गिअरचा दांडा आता खालून येणार म्हणून मधल्या बोगद्याला भोक पाडलं, त्याच्या कडेला जाड पट्टीची रिंग वेल्ड केली, वर रबरी बूट येईल, म्हणजे धूर आत यायला नको. वायरिंगच्या प्रत्येक टोकाला कागदी टेप लावून नाव लिहिलंय.

आणि इंजिन ते बॉडी अशी अर्थची जाड पट्टी. इंजिन रबरावर बसतं, त्यामुळे ही पट्टी नसली तर स्टार्टरचा करंट परत जायला वाट शोधतो, आणि त्याला सापडते ती चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल. एका माजी विद्यार्थ्याच्या भावाच्या गाडीत मी ती केबल डोळ्यांदेखत लाल होताना पाहिली आहे. डॅशबोर्डच्या मागे, पेट्रोलच्या नळीपासून हातभर अंतरावर. पंधरा रुपयांचं लग आणि फूटभर वायर विसरल्यामुळे.

महोदय, यातलं काहीही आरसी बुकात दिसत नाही. आरसी बुकात इंजिन नंबर, सीसी आणि इंधन दिसतं. आपला आजचा नियम त्या रकान्यांची राखण करतो. गाडीतल्या माणसांची राखण त्या रिकाम्या जागेत होते, आणि तिथे आपला माणूस कधी पोचतच नाही.

इंजिन अदलाबदल आपल्या राज्यात होत नाही असं नाही. विलिज जीपमध्ये डिझेल इंजिन घातलेली उदाहरणं कुठल्याही तालुक्याला सापडतील. शेतकऱ्याने ते हौसेने केलं नाही, पेट्रोल परवडत नव्हतं म्हणून केलं. काही जण पासिंगच्या दिवसापुरतं जुनं इंजिन परत बसवतात हेही सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे बंदीमुळे काम थांबलेलं नाही. ते रात्री, घाईत, बिलाशिवाय होतं, आणि ज्याला विचारावं असा जाणता माणूस कुणी नसतो. विमा तर अशा गाडीचा असून नसल्यासारखा. अपघात झाला की बदल लपवला म्हणून दावा अडतो, आणि भरपाईसाठी तंगडतोड करणारा समोरचा माणूस असतो.

आणि कारखान्यांनी काय केलं? हिंदुस्तान मोटर्सने नव्वदच्या दशकात अँबेसेडरच्या त्याच जुन्या अंगात इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन घातलं, सोबत पाच गिअरचा बॉक्स दिला. कॉन्टेसासुद्धा आधी १४८९ सीसीच्या जुन्या इंजिनावर निघाली आणि मग तिला इसुझू मिळालं. जुन्या गाडीत नवं इंजिन नीट तयारी करून बसवता येतं, याचा हा आपल्याच देशातला पुरावा. तयारी तपासणारं कुणीतरी होतं, एवढाच फरक.

आपल्या मनात काय शंका येतील याचा मी विचार केलाय.

पहिली चोरीची. ती सगळ्यात खरी आहे, तो घासलेला नंबर मी विसरलेलो नाही. म्हणून इंजिन कुठून आलं याचे कागद आधी बघा आणि ते नसतील तर अर्ज तिथेच थांबवा. मूळ गाडीचं आरसी, विक्रीची पावती, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’वरून ती गाडी चोरीची नसल्याचा दाखला. आता नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रं सुरू झाली आहेत. तिथून निघणाऱ्या चांगल्या इंजिनाला नंबरासकट कागद द्यायची सोय केलीत तर ग्राइंडरवाल्यांचा धंदा आपोआप बसेल.

दुसरी धुराची. नियम सोपा ठेवा : येणारं इंजिन गाडीच्या वयाचं किंवा त्याहून नवं असावं, जुनं कधीच नाही. धूर मोजायचं यंत्र प्रत्येक पंपाशेजारी आहे.

तिसरी शंका त्या मुलांची, जी फटाके फोडणारे सायलेन्सर लावून रात्री रिंग रोडवर फिरतात. तीही रास्त. ऑस्ट्रेलियात गाडीच्या वजनाप्रमाणे इंजिनाच्या आकाराला मर्यादा घातलेली आहे आणि मान्यताप्राप्त अभियंत्याच्या सहीशिवाय अशी गाडी रस्त्यावर येत नाही. जर्मनीत एका गाडीपुरती स्वतंत्र तपासणी करून मंजुरी देतात. आपल्या रस्त्यांना शोभेल अशी मर्यादा आपण ठरवा, कडक ठरवा. मूळ सीसीच्या एक चतुर्थांशाहून जास्त वाढ नको, असं म्हणालात तरी माझ्यासारख्या बहुतेकांचं काम होईल. जी मुलं खरोखर मनापासून गाडी बांधतात त्यांना कुणीतरी मोठ्या माणसाने येऊन बघावं असंच वाटत असतं. मी त्यांना रोज भेटतो.

चौथी, माणसं कुठून आणायची. ती आपल्याकडे आहेत. महाराष्ट्रात सहायक मोटार वाहन निरीक्षक लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतात आणि त्यांच्याकडे ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकलची पदविका असते. त्यांचं हे शिक्षण नंबर वाचण्यात वाया जातंय. शिवाय एकाच नगाची, हाताने बांधलेली गाडी कशी तपासायची हे आपल्या देशात दरवर्षी केलं जातं. २००७ पासून पिथमपूरला ‘बाहा’ स्पर्धेत अभियांत्रिकीची मुलं स्वतः बांधलेल्या गाड्या आणतात. शर्यतीआधी परीक्षक प्रत्येक वेल्ड, प्रत्येक बोल्ट बघतात. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं एकदम लॉक झाली नाहीत तर गाडी मैदानात जात नाही. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या स्पर्धेत तर गाडी ६० अंशांपर्यंत तिरकी करून बघतात, पेट्रोल गळतं का ते. हे परीक्षक आपल्याच उद्योगांतले, पुण्या-नाशिकचेही असतात. विसाव्या वर्षी जी मुलं ही तपासणी पार करतात, त्यांनी तिसाव्या वर्षी स्वतःच्या घरच्या गाडीला हात लावला की ती गुन्हेगार होतात. हे मला वर्गात समजावून सांगता येत नाही.

नियम केंद्राचे आहेत, राज्याला ते एकट्याने बदलता येणार नाहीत, हे मला कळतं. पण प्रस्ताव महाराष्ट्राने पाठवायला हवा. एआरएआय ही वाहनं तपासणारी संशोधन संस्था १९६६ पासून आपल्या पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. गाडीचा पत्रा, धूर, ब्रेक, यांतलं त्यांना न कळणारं काही नाही. आपण, मंत्रालय आणि ते मिळून एका वर्षासाठी, मोजक्या गाड्यांवर करून बघा. आधी कागद आणि रेखाटन. मग रिकाम्या जागेची पाहणी : पत्रा, जोड, फाउंडेशन, स्टिअरिंगची मोकळीक, ब्रेकचे पाइप. त्याचे फोटो नोंदीला जोडा. मग इंजिन बसल्यावर स्वयंचलित चाचणी केंद्रात रोलरवर ब्रेक, धूर, आणि रस्त्यावर एक फेरी. त्यानंतर आरसीवर नवा नंबर, नवी सीसी, आणि इंजिन बदलल्याचा स्पष्ट शेरा, म्हणजे उद्या गाडी विकत घेणारा फसणार नाही आणि विमा कंपनीलाही अंधारात राहावं लागणार नाही. शुल्क घ्या. विंटेजच्या नोंदणीला २०,००० घेता, तेवढं घेतलंत तरी मी आनंदाने भरेन. पहिल्या पाहणीत चूक निघाली तर दुरुस्त करून पुन्हा बोलवायचे पैसे वेगळे घ्या. सीएनजीच्या टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी होते, तशी अशा गाड्यांच्या जोडांची पाहणी दर तीन वर्षांनी ठेवा. आमची काही हरकत नसेल.

मला घाई आहे, हे कबूल करतो. रेडऑक्साइड मारलेला पत्रा पावसाळ्याच्या हवेत फार काळ टिकत नाही, आणि आमच्याकडे जूनपासून हवा कशी असते ते आपल्याला माहीत आहे. आई आता ८१ वर्षांची आहे. ती रोज संध्याकाळी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि मुलांना विचारते, “आज काय घातलं रे गाडीत?” गेले कित्येक दिवस मुलं म्हणतात, “आजी, आज फक्त मोजलं.”

ब्लॉक मी पुन्हा जोडून ठेवलाय, बोअरला ऑइल लावलंय, दर रविवारी क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवतो. गाडीची जागा रिकामीच ठेवली आहे. फोटो, मापांची वही आणि कागदांची फाइल शेडमध्येच कपाटात आहे. आपल्या खात्यातल्या कुणालाही, कोणत्याही दिवशी, टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन यावं. जिथे शंका वाटेल तिथे टोक टेकवून बघावं. आत गेलं तर मी तो भाग पुन्हा कापेन.

आपला,
मोटर मेकॅनिक ट्रेडचा एक शिक्षक, आणि एका फियाटचा मालक